१६० पानं, २३० तास: सांगलीतल्या एका डीटीपी ऑपरेटरची फ्रीलान्सिंगची सुरुवात

"ताई, माझं नाव तेवढं घालू नकोस. इथं सगळे प्रेसवाले एकमेकांना ओळखतात." एवढ्या एका अटीवर माझ्या मावसबहिणीनं तिच्या वह्या माझ्या हवाली केल्या. तीन शंभरपानी वह्या. रोजची तारीख, काम कोणाचं, किती वाजता बसले, किती वाजता उठले. प्रेसमध्ये कामाच्या पाकिटावर ऑपरेटरनं वेळ टाकायची पद्धत होती, तीच सवय घरी आली. फ्रीलान्सिंग सुरू कसं करावं हे सांगणारे पैशाला पासरी आहेत. पण पहिल्या दिवसापासून तासांचा हिशेब ठेवलेलं माणूस मला हे एकच भेटलं, म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात लिहिते आहे. मी स्वतः पुण्यात घरी बसून मुद्रितशोधन करते. तेव्हा मधेमधे माझी मतंही येतील, ती माझी समजून वाचावीत.

ती नऊ वर्षं सांगलीतल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावायच्या कामाला होती. शेवटचा पगार १४,००० रुपये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात प्रेसमध्ये पाणी शिरलं, कागदाची रिमं फुगून एकमेकांना चिकटली. त्यातून सावरतात तोवर मार्च २०२० चा लॉकडाऊन आला. लग्नंच नाहीत तर पत्रिका कुठल्या! जुलै २०२१ मध्ये कृष्णेनं पुन्हा पात्र सोडलं. मे २०२२ मध्ये मालकांनी मशीन विकलं आणि शटर ओढलं. जाताना त्यांनी तिला जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेला एक कागद दिला आणि म्हणाले, "आता घरातनंच कर की."

तिनं तेच केलं. २२,००० रुपयांत जुना कॉम्प्युटर घेतला, इन्व्हर्टर सासऱ्यांचा होताच. प्रेसमध्ये सगळं काम पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, तरी मराठी छपाईनं तिच्यावर पुढं कैक वर्षं काढली. घरी आल्यावर ती इनडिझाइन हे त्याच्या पुढचं सॉफ्टवेअर शिकली. त्यात युनिकोड (मोबाइलपासून सगळीकडं एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत) मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटायची आणि वेलांट्या भलतीकडं जायच्या; 'वर्ल्ड रेडी कंपोजर' निवडल्यावर सगळं जागेवर आलं. एवढी एक गोष्ट सापडायला तिचे चार दिवस गेले. वहीत नोंद आहे: "४ दिवस. बिनपैशाचे."

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण यशोगाथांमध्ये ती कुणी सांगत नाही. तिच्या नवऱ्याचा पगार कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यातून दर महिन्याला येत होता. घरभाडं नव्हतं. पहिल्या दहा महिन्यांत तिची एकूण मिळकत ७१,४०० रुपये झाली. तेवढ्याच दहा महिन्यांत प्रेसनं तिला १,४०,००० दिले असते. नवऱ्याचा पगार नसता तर ती दिवाळीच्या आतच कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात नोकरीला लागली असती, असं ती स्वतःच म्हणते.

जून महिना कसा गेला ते थोडक्यात. पहिल्या आठवड्यात तिला मोबाइलवर घरबसल्या टायपिंगची जाहिरात दिसली. पानं टाइप करा, पाच दिवसांत द्या, चांगले पैसे. नोंदणी फी नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसला. करारनामा ऑनलाइन आला, आधार कार्डाचा फोटो मागितला. ही सापळ्याची जुनी रीत आहे. काम दिलं की "अचूकता कमी पडली, करार मोडला" म्हणायचं आणि वकिलाच्या नावाची खोटी नोटीस पाठवून दंड मागायचा. लोक कोर्टाच्या भीतीनं भरतात. हिनं आधार पाठवण्याआधी मला फोन केला म्हणून वाचली. पण तिचं त्या दिवशीचं वाक्य मला आठवतं, "मग खरं काम कुठं मिळतंय?"

खरं काम सांगली-मिरजेच्या गल्ल्यांत होतं. तिनं नमुन्याची चार पानं छापून घेतली: एक कवितेचं, एक ताळेबंदाचं, एक साध्या मजकुराचं आणि एक जाहिरातीचं. ती घेऊन ती १४ प्रेसमध्ये जाऊन आली. बऱ्याच लहान प्रेसना आता पूर्ण वेळ ऑपरेटर परवडत नाही. तिघांनी काम दिलं. प्रेसवाल्याकडून पानाला ६० रुपये मिळायचे. दर कमी, पण गिऱ्हाइकाची कटकट प्रेसवाला सोसायचा आणि शनिवारी पैसे हातात पडायचे. हे तिला तेव्हा हलकं काम वाटत होतं. थेट गिऱ्हाईक मिळालं तर पानाला ८० मिळतील, या नादात ती होती. ते थेट गिऱ्हाईक जुलैत मिळालं.

स्मरणिका

तालुक्याच्या गावातली शाळा, अमृतमहोत्सव, १६० पानांची स्मरणिका. मालकांनी दिलेल्या कागदावर शाळेच्या एका शिक्षकांचा नंबर होता. दर ठरला पानाला ८० रुपये, एकूण १२,८००. ठरला म्हणजे शाळेच्या ऑफिसात चहा पिता पिता ठरला. आगाऊ रक्कम मागायचं तिला सुचलं नाही असं नाही. जीभ रेटली नाही. "शाळेचं काम, पैसे कुठं जातात."

मजकूर आला तो पाच वाटांनी. काही लेख हातानं लिहिलेले, काही श्रीलिपीत, काही शिवाजी फाँटमध्ये, काही व्हॉट्सॲपवर टाइप केलेले, आणि सहा लेख लोकांनी कागदाचा फोटो काढून पाठवलेले. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चिन्हं बसवलेली असतात. फाँट बदलला की "शाळा" या शब्दाची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. मग कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करायचं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर इथंच ठेचकाळतो.

आणि मराठीचा खास खड्डा म्हणजे ऱ्या. तिच्या कन्व्हर्टरनं सगळ्या "दुसऱ्या"चं "दुसर्या", "शेतकऱ्यांनी"चं "शेतकर्यांनी" केलं होतं. रात्री एक वाजता, प्रूफ (तपासणीची कच्ची पानं) सकाळी द्यायचं म्हणून, तिनं शोधा-आणि-बदलामध्ये र्या टाकलं, समोर ऱ्या टाकलं आणि 'सगळे बदला' दाबलं. ४१२ बदल झाले. शेतकरी नीट झाले, कर्मचारी नीट झाले. पण "कार्यालय" होतं तिथं "काऱ्यालय" झालं, "मर्यादा"ची "मऱ्यादा" झाली, आणि स्मरणिका समितीच्या कार्याध्यक्षांना सकाळी स्वतःच्याच फोटोखाली "काऱ्याध्यक्ष" वाचायला मिळालं. ते रागावले, पण ती चूक निदान डोळ्याला खुपणारी होती. खरी वाईट चूक तिला तिसऱ्या प्रूफात सापडली. एका माजी मुख्याध्यापकांच्या लेखात त्यांच्या वडिलांबद्दल वाक्य होतं, "आचार्यांच्या भूदान चळवळीत ते पायी हिंडले." आचार्य म्हणजे विनोबा. स्मरणिकेत झालं होतं, "आचाऱ्यांच्या भूदान चळवळीत." विनोबांचे स्वयंपाकी झाले. आचाऱ्यांच्या हा शब्द शुद्धच आहे, त्यामुळं शुद्धलेखन तपासणारं साधं साधन त्याखाली लाल रेघ मारत नाही. दर्या आणि दऱ्या यांचंही तसंच. इथं माणसाचा डोळाच लागतो, आणि रात्री एकला तो डोळा काम करत नाही. हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगते.

पण तिचे तास चुकांनी खाल्ले नाहीत. समितीत ११ जण होते आणि प्रूफ अकरांकडंही गेलं. कुणी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवून दुरुस्त्या सांगायचं, कुणी प्रूफाच्या पानाचा तिरका फोटो पाठवायचं, कुणी मुलाच्या हस्ते चिठ्ठी. एकानं "श्री." काढायला सांगितलं, दुसऱ्यानं परत घालायला. एका संचालकांचा फोटो डाव्या पानावर आला. मानाचं पान उजवं, म्हणून तो पुढं सरकवला, आणि मागची चौदा पानं हलली. शेवटी एका मोठ्या पाहुण्यांचा शुभेच्छा संदेश उशिरा आला, तोही दोन पानी. १६० पानं म्हणजे सोळाचे बरोबर दहा फर्मे; फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं. दोन पानं वाढवायची तर अर्ध्यामुर्ध्या फर्म्याचा खर्च वाढतो, म्हणून प्रेसवाल्यानं नाही सांगितलं. मग कुणाचा तरी लेख दोन पानांनी कापायचा. कुणाचा, हे समितीला ठरवता येईना. तोवर हिनं तीन पर्याय लावून दाखवले. सात वेळा प्रूफ निघालं.

सप्टेंबरच्या अखेरीस कार्यक्रम झाला. तिला शाल मिळाली, नारळ मिळाला, व्यासपीठावरून नाव घेतलं गेलं. ८,००० रुपये मिळाले. उरलेल्या ४,८०० साठी ती दोनदा गेली. दुसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, "समितीचा हिशेब बंद झाला ओ. समितीच विसर्जित झाली." डिसेंबरात एका शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून २,००० पाठवले. २,८०० राहिले.

दिवाळीतली बैठक

त्या दिवाळीत मी सांगलीला गेले तेव्हा तिचं मत पक्कं झालं होतं: दर कमी लावला, आता पानाला १०० घ्यायचे. तिला भेटलेला प्रत्येक जण तेच सांगत होता. नवख्या फ्रीलान्सरला आपल्याकडं दोनच सल्ले मिळतात, "सुरुवातीला कमीत कर, नाव होऊ दे" किंवा "स्वतःची किंमत ओळख, दर वाढव." मला दोन्हींत तेव्हापासून फारसं तथ्य दिसत नाही, आणि त्याचं कारण तिच्या वहीत आहे. आम्ही दोघी फराळाचं ताट मधे ठेवून तास मोजायला बसलो.

मजकूर टाइप करून पानं लावण्यात ८८ तास गेले होते. फाँट बदलण्यात २६. जाहिरातींमध्ये १८, कारण पानात चार छोट्या जाहिराती असल्या तरी 'पान म्हणजे पान' या हिशेबानं ८०च रुपये. शाळेत जाणं-येणं आणि तिथं वाट बघत बसणं १४. आणि दुरुस्त्या ८४. बेरीज २३०. म्हणजे अख्खी स्मरणिका उभी करायला जेवढे तास लागले, जवळजवळ तेवढेच ती मोडून पुन्हा लावण्यात गेले.

आता दराचं गणित. प्रेसमध्ये महिन्याचे २६ दिवस आठ तास धरले तर तिला ताशी साधारण ६७ रुपये पडत होते. स्मरणिकेचे पूर्ण पैसे आले असते तरी ताशी ५६ पडले असते; तोवर प्रत्यक्ष आलेल्या ८,००० चे पडले ३५. समजा दर १०० लावला असता आणि तो त्यांनी दिलाही असता, तर १६,००० भागिले २३०, म्हणजे ताशी ७० च्या आत. एवढी मारामारी करून पुन्हा प्रेसच्या पगारावर. उलट दर ८०च ठेवला असता, दुरुस्त्या दोनच वेळा करून २८ तासांत आटोपल्या असत्या आणि जाहिरातींचे वेगळे पैसे घेतले असते, तर १५६ तासांत १२,८००, म्हणजे ताशी ८२, आणि जाहिरातींचे वरचे निराळे.

ती बराच वेळ त्या आकड्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी काम किती ते ठरवलंच न्हवतं. पानंच तेवढी ठरवली." माझ्या मते या प्रकरणातलं कळीचं वाक्य हेच. नोकरीत काम कुठं संपतं हे मालक ठरवतो, सहा वाजता घंटा ठरवते. घरी बसलेल्याला ती हद्द स्वतः आखावी लागते, आणि ती काम हातात घेण्याआधीच आखावी लागते. चौथ्या प्रूफाला "आता पुरे" म्हणणारी बाई भांडखोर ठरते. तेच पहिल्या दिवशी कागदावर असलं तर ती व्यवस्थित ठरते.

त्या रात्री आम्ही एक पानी पत्र तयार केलं. मी पहिला मसुदा फार वकिली केला होता. तिनं तो फाडला आणि आपल्या भाषेत लिहिला. त्यातला मुख्य भाग असा:

"मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये द्यावा. दुसऱ्या फाँटमधला किंवा हस्तलिखित असल्यास त्याचे पैसे वेगळे. दरात दोन प्रूफं धरली आहेत. तिसऱ्या प्रूफापासून दुरुस्तीच्या दर पानास १५ रुपये. मजकूर नव्याने लिहून दिल्यास त्या पानांना निम्मा दर पुन्हा लागेल. दुरुस्त्या एकाच व्यक्तीने, एकाच कागदावर, सही करून द्याव्यात. रक्कम: कामाआधी ४० टक्के, दुसऱ्या प्रूफासोबत ४० टक्के, छपाईची पीडीएफ देण्याआधी २० टक्के."

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. पीडीएफ हातून गेली की ऑपरेटरकडं काही उरत नाही; प्लेट निघते, पुस्तक छापतं, शाल-नारळ होतो. "एकाच व्यक्तीने" हे मला सुचलं नव्हतं, ते तिचं. तिच्या डोळ्यांसमोर ते अकरा जण होते.

पत्राची परीक्षा

डिसेंबरात एक निवृत्त शिक्षक आत्मचरित्र घेऊन आले. २१२ पानं, दर ९०. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला. "अगं, तू मला मुलीसारखी. हे असलं काय?" ती म्हणाली, "सर, मुलीसारखीच हाय, म्हणून आधी सांगतेय." सही झाली, साडेसात हजार आगाऊ मिळाले. दोन प्रूफं सुरळीत गेली. तिसऱ्याला सरांनी बालपणाची दोन प्रकरणं नव्यानं लिहून आणली, ३८ पानं. तिनं पत्र काढलं नाही, फक्त म्हणाली, "करते सर, १,७१० होतील वरचे." सर दोन दिवस आलेच नाहीत. तिनं मला फोन करून सांगितलं की पुस्तक हातचं गेलं, आणि त्या फोनवर ती रडली होती. तिसऱ्या दिवशी सर आले, ३८ पैकी फक्त ११ पानं घेऊन. बाकीचं जुनंच बरं आहे म्हणाले. ४९५ रुपये त्यांनी मोजून दिले. पैसे पडतात म्हटल्यावर माणूस खरंच कुठली दुरुस्ती हवी ते ठरवतो, हे मी आयुष्यभर संपादकांच्या बाबतीत पाहिलंय.

सगळीकडं मात्र ते पत्र चाललं नाही. प्रेसवाल्यांसमोर ठेवल्यावर एक जण हसलाच, "पत्र कसलं देतीस? आपलं काय आजचं हाय का?" त्यांच्यासाठी तिनं पानभराचा मजकूर तीन ओळींत आणला आणि व्हॉट्सॲपवर पाठवायला लागली. समोरून अंगठा आला की काम सुरू. पुढं वाद झालाच तर दाखवायला लेखी काहीतरी असतं. एका कवीनं पत्र वाचून काम काढून नेलं. गेलं ते गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिला जे सापडलं ते माझ्या मते पत्राइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते तिला अपघातानं सापडलं. एका प्रेसवाल्यानं एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल तिच्याकडं ढकलला. सांगली जिल्ह्यात सहकारी संस्थांना तोटा नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि कायद्यानं वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी अहवाल सभासदांच्या हातात जायला हवा. त्यामुळं जुलै ते सप्टेंबर या कामाची धांदल. काम रूक्ष असतं: ताळेबंद, नफातोटा पत्रक, ठेवी, थकबाकी, संचालकांचे फोटो. बहुतेक ऑपरेटर कंटाळतात, कारण आकड्यांचे रकाने सरळ ठेवणं जिकिरीचं. हिचा हात त्यावर प्रेसमध्येच बसला होता.

३२ पानं, पानाला १५०, एकूण ४,८००. पहिल्या वर्षी २४ तास लागले, म्हणजे ताशी २००. पुढच्या वर्षी तीच संस्था आली. रकाने तयार, संचालक तेच, आकडे तेवढे बदलायचे. १२ तासांत झालं, ताशी ४००. दर वाढवला नव्हता. शिवाय इथं दुरुस्त्या फार होत नाहीत, कारण आकडे लेखापरीक्षकांच्या सहीनं येतात आणि त्यात कुणी लेखणी चालवत नाही. मानपानाचा प्रश्न तेवढा फोटोंच्या क्रमाचा, तो ती आता पहिल्याच दिवशी लिहून घेते. २०२४ च्या हंगामात तिनं नऊ अहवाल केले. ऑगस्टपासून दिवाळी अंकांची पानं सुरू होतात, त्यामुळं सप्टेंबरात ती रात्री बारापर्यंत बसते. एप्रिल-मे मात्र कोरडे जातात. तेव्हा ती पुण्याच्या एका प्रकाशकाचं मुद्रितशोधन करते, ते मी तिला मिळवून दिलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. त्या प्रकाशकानं २०२३-२४ मध्ये तिच्या बिलातून १० टक्के कापले तेव्हा ती घाबरली. फसवलं असं तिला वाटलं. तो टीडीएस होता, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडं भरलेला कर. वर्षाला ३०,००० वर फी गेली की तेव्हाच्या नियमानं कापावाच लागायचा. तिचं उत्पन्न करपात्र नव्हतं, विवरणपत्र भरल्यावर पैसे परत आले. पहिल्या वर्षी कुणी टीडीएस कापला की तो कुठल्या पॅनवर जमा झाला, ते प्राप्तिकर खात्याकडच्या आपल्या करजमेच्या नोंदीत (तेव्हाचा फॉर्म २६एएस) बघून घ्यायचं, एवढंच. एका पतसंस्थेच्या कारकुनानं जीएसटी नंबर मागितला. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत तो घ्यावा लागत नाही. उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीसाठी, मात्र तिनं एका एजंटला १,५०० रुपये दिले. ती नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर फुकट होते. मला आधी विचारलं असतं तर, पण असो.

उद्यमचा फायदा झाला, आणि तो तिच्या मागणीशिवाय झाला. नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी ठरलं असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. तो इतकी वर्षं कुणी फारसा मनावर घेत नव्हतं. २०२३-२४ पासून प्राप्तिकरात तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च देणाऱ्याला पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी दाखवता येतो. त्या मार्चमध्ये प्रकाशकाच्या हिशेबनिसानं स्वतः फोन करून विचारलं, "मॅडम, तुमचं काही बाकी आहे का?" बावीस वर्षांत मला असा फोन आलेला नाही. स्मरणिकेच्या पैशांना याचा उपयोग नव्हता. नोंदणी त्या कामानंतरची.

२०२४-२५ मध्ये तिची मिळकत २,३८,००० झाली. इनडिझाइनचं भाडं, वीज, कागद, प्रूफाचे प्रिंट काढून हातात साधारण पावणेदोन लाख. प्रेसच्या पगाराइतकंच की, असं कुणी म्हणेल. होय, जवळपास तेवढंच, आणि प्रेस चालू राहिली असती तर पगारही थोडा वाढला असता. तास मात्र निम्म्याहून थोडे जास्त लागतात. मान दुखते ती दुखतेच. आजारी पडली तर पर्यायी माणूस नाही. मागच्या ऑगस्टमध्ये डेंग्यूनं दहा दिवस गेले तेव्हा दोन अहवाल मिरजेच्या एका ऑपरेटरला द्यावे लागले, आणि त्यातला एक परत आला नाही.

यंदा पाडव्याला तिनं नवी वही काढली. पहिल्या पानावर वर "श्री", खाली तारीख, आणि मग जमा-खर्च सुरू होण्याआधी तिच्या बारीक अक्षरात दर वर्षीची एक ओळ, जुन्या वहीतून पुढं ओढलेली: "मागील येणे बाकी, स्मरणिका: २,८००."